टोमॅटोच्या शेतात भाड्याच्या मधमाशी पेट्या : सेवा चोख, पीक चुकीचे

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालणाऱ्या आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या हाती अलीकडे एक रंगीत पत्रक वारंवार पडते. पुणे शहरातून चालणारी एक सेवा पीक फुलोऱ्यात आले की मधमाश्यांच्या पेट्या शेतात आणून ठेवते, मुदतीपर्यंत त्यांची देखभाल करते आणि फुलोरा ओसरला की उचलून नेते. पत्रकात डाळिंब, कलिंगड, काकडी, सूर्यफूल आणि कांदा बियाणे यांच्या पंगतीला टोमॅटोही बसवलेला असतो, आणि या सर्व पिकांसमोर ‘उत्पादनात हमखास वाढ’ हे एकच वाक्य छापलेले असते. जुन्नर तालुक्यातील आमच्या घरच्या शेतात उन्हाळी टोमॅटो आणि त्याला लागून काकडी अशी दोन्ही पिके एकाच वेळी फुलोऱ्यात असल्याने या दाव्याची पारख करण्याची चांगली संधी होती, म्हणून सेवा घेतली. व्यावसायिकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण माझा आक्षेप त्यांच्या कामावर नसून टोमॅटोबद्दलच्या दाव्यावर आहे, आणि तो दावा करणारे ते एकटे नाहीत.

आधी सेवेविषयी लिहितो, कारण तेथे तक्रारीला फारशी जागा नाही. पेट्या मेलिफेरा, म्हणजे पेटीत पाळल्या जाणाऱ्या युरोपीय जातीच्या मधमाश्यांच्या होत्या. त्या रात्री, दारे जाळीने बंद करून आणल्या गेल्या आणि पहाटेच्या आत बांधावर आंब्याच्या सावलीत मांडल्या गेल्या. प्रत्येक पेटीखालच्या लोखंडी घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले होते, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. जवळच एका पसरट भांड्यात पाणी आणि त्यात माश्यांना बसण्यापुरते खडे, एवढी बारीक काळजीही घेतलेली होती. आठवड्याकाठी एक तरुण येऊन पेट्या उघडत असे, चौकटी एकेक उचलून राणीची अंडी, पिलावा (वाढणाऱ्या अळ्या) आणि परागाचा साठा तपासत असे, आणि विचारले तर न कंटाळता दाखवतही असे. फवारणीच्या आदल्या दिवशी फोन केला की संध्याकाळी येऊन दारे बंद करण्याची व्यवस्था होती आणि ती प्रत्येक वेळी पाळली गेली. भाडे पेटीमागे महिन्याला दीड-दोन हजारांच्या घरात गेले, वाहतूक वेगळी. काकडीच्या भावाकडे पाहता हा खर्च जड नाही.

काकडीवर परिणामही उघड दिसला. आमच्या वाणाला नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात, पराग चिकट असतो, वाऱ्याने तो हलत नाही, आणि मादी फुलाला बहुधा एकच दिवस मिळतो. तेथे माशी हवीच. पेट्या आल्यानंतरच्या तोड्यांत देठाकडे जाड आणि टोकाकडे निमुळती होऊन वाकलेली काकडी स्पष्टपणे कमी झाली, आणि बाजारात प्रतवारी करताना बाजूला काढावा लागणारा माल घटला.

टोमॅटोच्या सरींत मात्र चित्र वेगळे होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास, दव सुकून फुले पूर्ण उमलली की मी सरीत उभा राहून पाहत असे. पेटीतून निघालेल्या माश्या टोमॅटोच्या शेंड्यांवरून सरळ पलीकडे जात. अर्ध्या काकडीवर आणि अर्ध्या शेजाऱ्यांनी बियांसाठी सोडलेल्या कोथिंबिरीच्या पांढऱ्या फुलोऱ्यावर. टोमॅटोच्या पिवळ्या फुलावर एखादी क्वचित बसे, पाकळ्यांवरून फिरे, टोकाशी सांडलेला थोडासा पराग चाटून घेतल्यासारखा करे आणि उडून जाई. देखभालीला येणाऱ्या तरुणाला हे दाखवले, तेव्हा तो म्हणाला, “दादा, माशी फुलावर बसली की काम झालं समजा.” काकडीच्या बाबतीत त्याचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. टोमॅटोच्या बाबतीत ते का लागू पडत नाही, हे समजून घेतल्याशिवाय या सेवेचे मोल ठरवता येणार नाही.

टोमॅटोच्या फुलात मध नसतो. त्यामुळे मधासाठी फिरणाऱ्या माशीला तेथे येण्याचे मुळातच कारण नाही. उरतो तो पराग, आणि तो फुलाने कुलपात ठेवावा तसा ठेवलेला आहे. पाच-सहा पुंकेसर (पराग तयार करणारे भाग) एकमेकांना चिकटून त्यांचे एक पिवळे, टोकदार नळकांडे बनते. पराग बाहेरच्या अंगाला न येता या नळकांड्याच्या आत सुटतो आणि केवळ टोकाच्या बारीक तोंडातून बाहेर पडू शकतो. स्त्रीकेसराची कुक्षी (पराग जिथे पडावा लागतो ते टोक) बहुतेक लागवडीच्या वाणांत त्याच नळकांड्याच्या आत, तोंडाच्या किंचित खाली असते. म्हणजे पराग दुसऱ्या फुलातून आणण्याची गरज नाही, स्वतःचाच पराग पुरतो. गरज आहे ती फूल हलण्याची. ते पुरेशा जोराने थरथरले तरच पराग सुटा होऊन कुक्षीवर पडतो. मोकळ्या रानात वारा हे काम बऱ्यापैकी करतो, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या कोणी पेटी न ठेवताही टोमॅटो पिकत आलेला आहे.

वाऱ्यापेक्षा हे काम कितीतरी नेमकेपणाने करणाऱ्या काही रानमाश्या आहेत. त्या नळकांड्याला पायांनी आणि जबड्याने घट्ट धरतात, पंख मिटून ठेवतात आणि उडण्याचे स्नायू सेकंदाला काही शे वेळा थरथरवतात. त्या कंपनाने पराग फवाऱ्यासारखा त्यांच्या पोटावर उडतो आणि वाटेत कुक्षीलाही मिळतो. मधमाशीला हे जमत नाही, किंवा नेमके सांगायचे तर ती फुलावर हे करत नाही. थंडीत हेच स्नायू थरथरवून ती पोळे उबदार ठेवते, पण फुलावर बसल्यावर ती युक्ती वापरणे तिच्या स्वभावात नाही. मेलिफेरा, आपली सातेरी, फुलोरी आणि आग्या या चारही जातींना हे सारखेच लागू आहे. बंदिस्त जागेत, दुसरे काहीच फुललेले नसताना, मधमाशी टोमॅटोवर नाइलाजाने जाते आणि तिच्या धक्क्याने थोडा लाभ होतो, हेही नोंदवले पाहिजे. मात्र मोकळ्या रानात तिला निवड असते आणि ती टोमॅटोला निवडत नाही.

आमच्या शेतात खरे काम करणारे कोण, हे पाहायला वेळ लागला नाही. मोठा काळा भुंगा सकाळी लवकर येतो आणि त्याचा आवाज दोन सरी पलीकडून कळतो. त्याहून मजेची आहे ती पोटावर निळसर चकाकणारे पट्टे असलेली, मधमाशीएवढीच पण अधिक चपळ माशी. ती फुलासमोर क्षणभर हवेत तरंगते, खाली लोंबणाऱ्या नळकांड्याला उलटी लटकते, अंगाची कमान करते, आणि उडताना येणाऱ्या गुणगुणीपेक्षा वरच्या पट्टीतला एक तुटक, तीव्र आवाज दोन-तीनदा येतो. ती उडाल्यावर फूल हातात घेऊन पाहिले तर नळकांड्यावर जबड्याच्या पकडीच्या खुणा दिसतात, ज्या काही वेळाने तपकिरी पडतात. या तपकिरी खुणा हा परागीभवनाचा सर्वांत स्वस्त आणि विश्वासार्ह पुरावा आहे. ज्यांना आपल्या शेतात नैसर्गिक परागीभवन होते आहे की नाही हे जाणून घ्यायचे आहे, त्यांनी पेटीचा विचार करण्यापूर्वी दुपारी एक फेरी मारून कोमेजू लागलेली फुले पाहावीत.

उत्पादनावर आणि फळाच्या दर्जावर याचा काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी एकाच सरीतील काही घोस उमलण्यापूर्वीच बारीक मलमलीच्या पिशव्यांत बांधले, काही उघडे ठेवले, आणि काही घोसांच्या देठाला बॅटरीवर चालणारा दात घासण्याचा ब्रश टेकवून रोज दुपारपूर्वी क्षणभर थरथरवले. हा काही विद्यापीठीय प्रयोग नव्हे, कारण पिशवीने माशीबरोबर वाराही अडतो. तरीही तोड्याच्या वेळी फरक नजरेत भरण्याइतका होता. पिशवीतल्या घोसांवर फळे धरली, पण गळ अधिक होती, आणि जी धरली त्यांत गोल्टीच, म्हणजे बारीक फळेच, जास्त. उघड्या आणि ब्रशने हलवलेल्या घोसांत वजनाला फारसा फरक दिसला नाही. खरा भेद विळीवर कळला. मधोमध आडवे कापल्यावर पिशवीतल्या फळाचे कप्पे अर्धवट रिकामे, बिया विरळ आणि गर भिंतीपासून सुटलेला. उघड्या घोसातल्या फळाचे कप्पे मात्र गराने आणि बियांनी गच्च भरलेले.

याचे कारण सोपे आहे. फळाची वाढ बियांच्या हाती असते. फलन झालेल्या प्रत्येक बीजांडातून वाढीची संप्रेरके तयार होतात आणि ती भोवतालच्या गराला फुगण्याचा इशारा देतात. जितक्या बिया अधिक आणि सर्व कप्प्यांत सारख्या विखुरलेल्या, तितके फळ वजनदार आणि गोल. पराग एकाच अंगाला पडला तर ते अंग फुगते आणि दुसरे बसके राहते. फारच कमी पडला तर फळ बाहेरून मोठे दिसले तरी कोनेदार आणि पोकळ होते. आमच्याकडे माल वीस किलोच्या कॅरेटच्या हिशोबाने जातो, आणि पोकळ मालाने कॅरेट काठोकाठ भरले तरी काटा वीसला पोहोचत नाही. शिवाय असे फळ वाहतुकीत दबते. मुंबईला जाणाऱ्या मालात आडतदार फळ दाबून पाहतो ते उगाच नाही.

येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे, कारण सेवा विकणारे तिचा उल्लेख करत नाहीत. प्रत्येक वाकडे फळ आणि प्रत्येक गळलेले फूल परागीभवनाच्या खात्यावर मांडू नये. कळी तयार होताना थंडी लागली तर फळाला वेड्यावाकड्या चिरा आणि खाचा पडतात. बुडाशी काळा डाग पडतो तो कॅल्शियम आणि अनियमित पाण्याचा दोष असतो. उन्हाळी लागवडीत तर सर्वांत मोठा शत्रू उष्णता हाच. दिवसा पारा ३५ अंशांच्या पुढे गेला आणि रात्रीही २४ अंशांच्या खाली उतरेनासा झाला की पराग दुबळा होतो, कुक्षी नळकांड्याच्या बाहेर लांबून सुकते, आणि मग भुंगा आला काय किंवा ब्रश लावला काय, सुटायला जिवंत परागच नसतो. एप्रिल-मे महिन्यांत होणाऱ्या फूलगळीवर पेट्या हा उपाय म्हणून सुचवणे हे अज्ञान तरी आहे किंवा चलाखी तरी. पावसाळ्यात उलट अडचण असते, दमट हवेत परागाच्या गुठळ्या होतात आणि तो सुटत नाही.

फूलगळ थांबवण्यासाठी आपल्याकडे एनएए या संप्रेरकाची फवारणी सर्रास होते, आणि योग्य मात्रेत तिने फूल टिकते हेही खरे. पण संप्रेरकाच्या जोरावर टिकलेल्या फुलात फलन झालेलेच नसेल तर बी भरत नाही. म्हणून अशा प्लॉटमध्ये फळांची संख्या चांगली दिसूनही पोकळ मालाचे प्रमाण वाढलेले आढळते. संप्रेरक हा परागीभवनाला पर्याय नव्हे. अडचणीच्या काळापुरता तो आधार आहे.

परदेशातील हरितगृहांचे दाखले पत्रकात आवर्जून दिलेले असतात, त्यांची फोड करून घेणे आवश्यक आहे. हॉलंड-बेल्जियममधील काचगृहांत वारा नसल्याने पूर्वी मजूर विजेच्या कांडीने एकेक घोस हलवत असत. १९८७ साली बेल्जियममध्ये बंबलबी या केसाळ, मोठ्या माशीचे व्यापारी तत्त्वावर संगोपन सुरू झाले आणि काही वर्षांतच कांडी बाजूला पडली. ही माशी फूल थरथरवते, म्हणून ते यश मिळाले. तेथेही मधमाशीच्या पेटीने ते साधले नव्हते. आपल्या देशात बंबलबीच्या जाती हिमालयाच्या थंड पट्ट्यात आहेत, दख्खनच्या पठारावर नाहीत, आणि परदेशी जात आणावी असे म्हणणाऱ्यांनी चिलीचा अनुभव आधी पाहावा. तेथे हरितगृहांसाठी आणलेली युरोपीय बंबलबी बाहेर निसटून अर्जेंटिनापर्यंत पसरली आणि तेथील मूळची नारिंगी जात तिच्यापुढे मागे हटत गेली.

त्याच पत्रकाच्या मागील बाजूस डंख नसलेल्या बारीक माश्यांच्या पेट्या ‘टोमॅटोसाठी खास’ म्हणून दिलेल्या आहेत आणि आधाराला ब्राझीलचे नाव आहे. ब्राझीलमधील मेलिपोना ही डंखरहित माशी फूल थरथरवते हे खरेच. परंतु आपल्याकडे भिंतींच्या भेगांत आणि झाडांच्या ढोलीत राहणारी डंखरहित माशी वेगळ्या कुळशाखेतील आहे आणि ती थरथरवत नाही. दोन्ही डंख मारत नाहीत एवढ्या साम्यावर एकीचे गुण दुसरीला चिकटवलेले आहेत.

मग शेतकऱ्याने पैसे कशावर खर्च करावेत? मोकळ्या रानातील टोमॅटोसाठी माझे उत्तर असे की, परागीभवनासाठी वेगळा खर्च फारसा लागत नाही, पण काही गोष्टी करणे टाळावे लागते. काळा भुंगा वाळलेल्या लाकडात आणि बांबूत घर करतो. आमच्या शेतात टोमॅटोच्या बांधणीचे जुने बांबू कोपऱ्यात रचलेले असतात, त्यांतल्या काहींना बोट जाईल एवढी गोल, स्वच्छ कापलेली भोके आहेत आणि खाली लाकडाचा भुसा पडलेला असतो. असे बांबू हंगामानंतर जळणात घालू नयेत. निळ्या पट्ट्यांची माशी जमिनीत आणि मातीच्या भिंतीत बीळ करते. गावातल्या पांढरीच्या मातीच्या पडक्या भिंती तिच्या आवडीच्या आहेत, आणि त्या आता वेगाने नाहीशा होत आहेत. तिसरी गोष्ट बांधावरच्या तरवडाची. तरवडाच्या फुलातही पराग असाच कुलूपबंद असतो आणि तो थरथरवूनच काढावा लागतो. पायवाटेवरच्या काटेरिंगणीचेही तेच. टोमॅटो नसतो त्या महिन्यांत याच माश्यांना ही दोन झुडपे परागाचा पुरवठा करतात, आणि आपण तणनाशक घेऊन बांध ‘स्वच्छ’ करतो तेव्हा पुढच्या हंगामाचे फुकटचे मजूर हाकलून देत असतो. रुई आणि गिरिपुष्प हीदेखील भुंग्याची आवडती आहेत.

फवारणीची वेळ हा याहून नाजूक विषय आहे. पांढरी माशी आणि नागअळी यांच्या धाकाने आपल्याकडे सकाळी आठ ते अकरा या वेळेत पंप चालतात, आणि नेमकी तीच फुले उमलण्याची व रानमाश्या कामाला लागण्याची वेळ आहे. भाड्याच्या पेट्यांची दारे फोन केल्यावर बंद होतात. भुंग्याला तसे कोणी कळवत नाही. फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास घेणे आणि फुलोऱ्याच्या काळात इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारी) निओनिकोटिनॉइड वर्गातील कीटकनाशके टाळणे, एवढ्याने पेटीच्या भाड्याहून अधिक फायदा होईल असे माझे मत आहे. युरोपीय संघाने या वर्गातील तीन प्रमुख औषधांचा उघड्या शेतातील वापर २०१८ मध्ये बंद केला तो माश्यांसाठीच.

शेडनेट किंवा पॉलिहाऊसमधील टोमॅटोची गोष्ट निराळी आहे. तेथे वारा अडतो, रानमाशी आत येत नाही आणि फूल हलवणारे कोणी उरत नाही. मावळातील आमच्या चुलतभावाच्या पॉलिहाऊसमध्ये चेरी टोमॅटोसाठी बॅटरीची कंपन-कांडी वापरतात. दिवसाआड दहा ते दोनच्या दरम्यान एक बाई सरीतून जात प्रत्येक घोसाच्या देठाला ती टेकवते. मजुरी लागते, पण परिणाम खात्रीचा आहे. काहीजण वेलीच्या तारांवर काठीने टोले मारतात, तेही काही नसण्यापेक्षा बरे. मधमाशीची पेटी बंद पॉलिहाऊसमध्ये ठेवण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही, कारण मधाविना आणि छपराला धडका देत तेथे माश्या मोठ्या संख्येने मरतात.

या सेवेला देखभाल, वक्तशीरपणा आणि वागणूक यांसाठी मी पाचपैकी साडेचार गुण देईन; काकडी, कलिंगड, डाळिंब किंवा कांदा बियाण्यासाठी ती जरूर घ्यावी. मोकळ्या रानातील टोमॅटोसाठी एकच गुण, तोही शेजारच्या पिकाला होणाऱ्या फायद्यापोटी. मधमाशीपालन स्वतःच शिकायचे असेल तर पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे आणि तेथे प्रशिक्षण वर्ग चालतात. पुण्यात राहून त्या संस्थेकडे न जाता केवळ पत्रकावर विसंबणे बरे नव्हे. ज्यांना सेवा घ्यायचीच आहे त्यांनी करारात पिकाचे नाव लिहून घ्यावे, पेट्या पहिली फुले दिसल्यानंतरच आणण्याची अट घालावी (आधी आणल्यास माश्या दुसऱ्या फुलोऱ्याला सरावतात), एखादी वसाहत दुबळी पडल्यास बदलून देण्याचा कालावधी ठरवावा, आणि शेजाऱ्याच्या फवारणीने माश्या मेल्यास भरपाई कोणी द्यायची हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. आमच्या करारात हे शेवटचे कलम नव्हते आणि विचारल्यावर व्यावसायिकांनी ते पुढील हंगामापासून घालण्याचे मान्य केले आहे. पत्रकातून टोमॅटो वगळण्याच्या सूचनेवर त्यांनी अद्याप काही कळवलेले नाही.